बॅकअप किती दिवसांचा?

दुकानात कॅमेरे बसवायचे ठरले की उपनगरातला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो मेगापिक्सेलचा. दोनचा घ्यावा की पाचचा? रात्री रंगीत दिसेल का? मोबाइलवर दिसेल ना? मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यात गेली बरीच वर्षं कॅमेरे बसवत हिंडणारा एक तंत्रज्ञ या सगळ्यांची उत्तरं देतो, पण त्याआधी स्वतःच एक प्रश्न विचारतो, ‘‘शेठ, माल कमी झालाय हे तुम्हाला किती दिवसांनी कळतं?’’

सोनार सांगतो, त्याच रात्री, ट्रे तिजोरीत ठेवताना. साडीवाला सांगतो, गिऱ्हाईक गेल्यावर घड्या घालताना, नाहीतर दुसऱ्या दिवशी. औषधवाला जरा थांबून म्हणतो, महिनाअखेरीला स्टॉक जुळवला की. क्लासच्या बाई म्हणतात, पालकांचा फोन आला की. या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. डिस्क केवढी, ती ज्यात बसते तो रेकॉर्डिंगचा डबा म्हणजे डीव्हीआर कुठला, तो ठेवायचा कुठे, आणि कॅमेरे किती मेगापिक्सेलचे हेसुद्धा. गिऱ्हाइकं या माणसाला ‘कॅमेरेवाले दादा’ म्हणतात. इथेही त्याला दादाच म्हणू.

दादाची सुरुवात अंधेरी पूर्वेच्या गाळ्यांमध्ये एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत कॅमेऱ्यांकडे सगळ्यांचंच लक्ष गेलं. सरकारी पातळीवर समित्या, निविदा होत होत २०१६ च्या ऑक्टोबरात शहरातल्या रस्त्यांवर सुमारे पाच हजार कॅमेऱ्यांचं जाळं सुरू झालं. पण रस्त्यावरच्या खांबावरचा कॅमेरा शटरच्या आत बघत नाही. आतलं दुकानदाराने आपलं आपण बघायचं असतं, आणि तेही शंभर-सव्वाशे चौरस फुटांत, जिथे माल ठेवायलाच जागा नाही. मोठ्या कंपनीत रेकॉर्डिंगसाठी वेगळी खोली असते, रॅक असतो, एसी असतो. इथे फार तर माळ्याचा कोपरा मिळतो. लहान धंद्यासाठी रेकॉर्डिंगची मांडणी निवडणं हे वेगळं कौशल्य आहे ते यामुळे, आणि त्याकडे द्यायला हवं तेवढं लक्ष दिलं जात नाही.

हिशेब तसा अवघड नाही. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा चित्रण दाबून साठवायच्या एच.२६५ पद्धतीने, सेकंदाला पंधरा फ्रेम घेत, साधारण दोन मेगाबिटच्या वेगाने लिहीत असेल तर दिवसाला २१.६ जीबी भरतात. चार कॅमेऱ्यांचे झाले ८६ जीबी. एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग डीव्हीआर सगळ्यांत जुन्या दिवसावर नवं लिहायला लागतो. दोन टीबीला तेवीस दिवस, चार टीबीला सेहेचाळीस. डीव्हीआर जुना, एच.२६४ वाला असेल आणि वेग चार मेगाबिटवर ठेवलेला असेल, तर हेच आकडे निम्म्यावर येतात. एच.२६५ ला २०१३ साली मान्यता मिळाली, पण उपनगरांतल्या कितीतरी दुकानांत त्याआधीच्या पद्धतीचे डीव्हीआर अजून चालू आहेत.

मुलुंड पश्चिमेच्या एका औषधाच्या दुकानात दादाने हे गणित बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलं. आधीच्या माणसाने चार कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असं कोटेशन दिलं होतं. कोटेशनमध्ये खोटं काही नव्हतं, दरही वाजवी होता. पण दुकानाचा स्टॉक महिनाअखेरीला जुळवला जायचा. पाच तारखेला गेलेली महागड्या इंजेक्शनची पट्टी तीस तारखेला लक्षात येणार, आणि तोवर पाच तारखेवर दोनदा नवं लिहून झालेलं असणार. मालकाला कॅमेरे पाच मेगापिक्सेलचे हवे होते. दादाने ते गल्ल्यावरच्या एकाच जागी ठेवले, बाकी तिन्ही ठिकाणी दोनचे, आणि वाचलेले पैसे चार टीबीच्या डिस्ककडे वळवले. मेगापिक्सेल वाढले की दिवस कमी होतात, ही गोष्ट विकणाऱ्याने आपणहून सांगायला हवी, असं या लेखकालाही वाटतं. ती सांगितली जात नाही, कारण गिऱ्हाइकाला स्क्रीनवरचं चित्र लगेच दिसतं आणि दिवस दिसत नाहीत.

किती दिवस ठेवावं याचे दाखले मोठ्या संस्थांकडून मिळतात. बँकांनी लॉकरच्या खोलीच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचं चित्रण किमान १८० दिवस जपावं, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ साली सांगितलं. पोलिस ठाण्यांतलं चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तिथे निदान वर्षभर राहिलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या आदेशात म्हटलं. हे आकडे किराणा दुकानाला लागू नाहीत, पण त्यामागचा विचार लागू आहे. तक्रार किती उशिरा येऊ शकते ते आधी बघायचं, आणि डिस्क त्यावरून घ्यायची. दादा आपल्या गिऱ्हाइकांना नुकसान कळायला लागतात त्याच्या दीडपट दिवस सुचवतो.

रेकॉर्डिंग सतत ठेवावं की हालचाल झाली तेव्हाच, यावर दुकानदार नेहमी अडतात. हालचालीवर ठेवलं तर डिस्क जास्त दिवस पुरते, हे खरंच आहे. पण आपल्याकडच्या दुकानात छताचा पंखा फिरतो, बाहेरच्या रिक्षांचे दिवे काचेवर येतात, लटकवलेली पाकिटं वाऱ्याने हलतात, रात्री उंदीर फिरतात. त्याने डीव्हीआर उगाच जागा होतो, आणि नेमका गल्ल्यातून हात बाहेर आल्याचा पहिला क्षण सुटतो. गल्ला आणि दार यांवर चोवीस तास रेकॉर्डिंग, माळा आणि मागची मोरी हालचालीवर, अशी विभागणी दादा करतो. ती पटण्यासारखी आहे.

आता जागा. चार कॅमेऱ्यांचा लहान डीव्हीआर शाळेच्या मोठ्या वहीएवढा असतो आणि उंचीला जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. दुकानदार फळीवरची जागा टेपने मोजतो आणि म्हणतो, ‘‘बसतोय की!’’ दादा मग खिशातून बीएनसी पिन लावलेल्या केबलचा तुकडा काढतो आणि डीव्हीआरच्या पाठीला लावून दाखवतो. जाड थ्री प्लस वन केबल पिनेपासून लगेच वळत नाही. तिला वळायला चार बोटं तरी जागा लागते. भिंतीला दाबून बसवला तर पिना सैल होतात आणि सहा महिन्यांनी एखादा कॅमेरा अधूनमधून काळा पडायला लागतो. माणूस कॅमेरा बदलतो, दोष पिनेत असतो. म्हणून फळीची खोली डीव्हीआरच्या खोलीपेक्षा दहा सेंटिमीटर जास्त हवी, आणि वर हवा खेळायला वीतभर मोकळं.

या लहान डब्यांत बहुधा पंखा नसतो. डिस्क रात्रंदिवस फिरते आणि तापते. कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या डिस्कना कंपन्या साधारण ६५ अंशांपर्यंतची मर्यादा देतात. ती हवेची नव्हे, डिस्कची. अंधेरी पूर्वेच्या एका शिवणकामाच्या गाळ्यात डीव्हीआर पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर, कापडाच्या गाठोड्यांत ठेवलेला होता. मे महिन्यातल्या दुपारी दादाने मेनूत जाऊन डिस्कचं तापमान दाखवलं तेव्हा मालकाने आपणहून गाठोडी उचलली. डिस्कचा हा पानभर अहवाल बहुतेक सगळ्या डीव्हीआरमध्ये असतो, पण तो उघडून कुणी बघत नाही. त्यात डिस्क किती तास चालली आहे तेही लिहिलेलं असतं. लॅमिंग्टन रोडवरून ‘नवी’ म्हणून आणलेली डिस्क आधीच कुठे चालून आलेली नाही ना, हे दादा गिऱ्हाइकासमोर याच पानावर तपासतो. कॉम्प्युटरची साधी डिस्क तो घालत नाही. गिऱ्हाइकाने घरची जुनी डिस्क पुढे केली तर, ‘‘कॅमेऱ्यांची पर्पल नाहीतर स्कायहॉक डिस्क घ्या, ही दिवसरात्र लिहायला केलेली नाही,’’ एवढंच सांगतो.

डीव्हीआर देव्हाऱ्याशेजारी नको, असंही तो सांगतो. उपनगरातल्या जवळपास प्रत्येक दुकानात छोटा देव्हारा असतो आणि त्याच्याजवळ विजेचा पॉइंट असतो, म्हणून डीव्हीआर तिथेच जातो. उदबत्तीची राख आणि दिव्याची काजळी जाळीतून आत बसते. औषधांच्या फ्रीजवर नको, कारण फ्रीजची ऊब खालून येते. गल्ल्याखाली तर नकोच. तिथे फरशी पुसताना पाणी जातं, आणि पावसाचं वेगळं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा उपनगरांत दुकानंच्या दुकानं पाण्याखाली गेली. तेवढा पाऊस पुन्हा झाला नाही, तरी अंधेरी सबवे दर पावसाळ्यात बंद होतोच आणि सखल रस्त्यांवरच्या दुकानांत उंबऱ्यावरून पाणी आत येतं. छातीच्या वर, छताच्या खाली, हा दादाचा नियम.

चोरांचं वेगळंच. ‘चोरट्यांनी जाताना डीव्हीआरही नेला’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत इतक्यांदा छापून येतं की वाचणाऱ्याला त्याचं काही वाटेनासं झालंय. टीव्ही स्क्रीनच्या खाली लुकलुकणारा डबा शटर तोडणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतो. लहान आकाराचा खरा फायदा इथे आहे. स्क्रीन गल्ल्यावर ठेवून दहा मीटरच्या एचडीएमआय केबलने डीव्हीआर माळ्यावर किंवा मागच्या कपाटात, जाळीच्या लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवता येतो. काही दुकानांत दादाने बंद पडलेला जुना डीव्हीआर स्क्रीनखाली तसाच ठेवून दिला आहे, दोन वायरी जोडून. चोराने तोच उचलावा म्हणून.

विजेचाही विचार करावा लागतो. मुलुंड-भांडुपला महावितरण, बाकीच्या बहुतेक उपनगरांत अदानी किंवा टाटा; पुरवठा एरवी चांगला असतो आणि म्हणूनच दुकानदार यूपीएस टाळतात. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघ्याकडच्या वाहिन्या बंद पडल्या आणि सगळी मुंबई काही तास अंधारात गेली. पण रोजचा धोका एवढा मोठा नसतो. इमारतीत कुणाचं काम चाललेलं असतं, मेन स्विच दोन मिनिटं खाली येतो, आणि त्या दोन मिनिटांत लिहीत असलेली डिस्क मधेच थांबते. असं वारंवार झालं की डिस्क लवकर जाते. लहान डीव्हीआर आणि चार कॅमेरे मिळून तीस वॅटच्या आसपास खातात. कॉम्प्युटरचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस त्यांना साधारण तासभर सांभाळतो. एवढ्या स्वस्तात मिळणारं दुसरं संरक्षण या सगळ्या मांडणीत नाही.

घाटकोपरच्या एका साडीच्या दुकानात पोलिस फुटेज घ्यायला आले, तेव्हा दादाला बोलावणं गेलं. तीन बायका आल्या होत्या, पंधरा-वीस साड्या उलगडून बघितल्या, आणि दोन साड्या कमी निघाल्या. चित्र स्वच्छ होतं. पण डीव्हीआरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं. हवालदारांनी मोबाइलवरची वेळ आणि डीव्हीआरवरची वेळ शेजारीशेजारी बघितली आणि फरक पंचनाम्यात लिहून घेतला. हे लिहिलं नाही तर पुढे प्रश्न येतो, कारण शेजारच्या दुकानाचा, रस्त्यावरचा आणि स्टेशनचा कॅमेरा आपापली वेळ सांगत असतो. दादा त्या दिवसापासून प्रत्येक भेटीत आधी घड्याळ बघतो. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला असेल तर तो वेळ आपणहून जुळवून घेतो. नसेल तर आतल्या बटणासारख्या सेलवर सगळी भिस्त असते. तो सेल संपला आणि वीज गेली की घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसतं, आणि रेकॉर्डिंग असूनही शोधायचं कुठे ते कळत नाही.

पोलिस आले की दुकानदार घाईने स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करून देतात. ते कामापुरतं ठीक, पण पुरावा म्हणून उपयोग थोडा. फुटेज रीतसर देण्याचं महत्त्व कळायला महाराष्ट्रातलाच एक खटला पुरे आहे, आणि तो दुकानाचा नव्हे, निवडणुकीचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा गोरंट्याल यांचा आक्षेप होता, आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण त्यांच्याबरोबर कायद्याला लागणारं प्रमाणपत्र मागूनही मिळालं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला. मूळ उपकरण न्यायालयात आणलं नसेल तर चित्रणाच्या प्रतीबरोबर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवंच, असं न्यायालयाने स्पष्ट केलं; मात्र गोरंट्याल यांनी ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं होतं, हे मान्य करून उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला.

१ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे आणि त्याचं कलम ६३ हेच काम करतं. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, म्हणजे दुकानदाराचा, आणि दुसरा तज्ज्ञाचा. फाइलची हॅश व्हॅल्यू त्यात लिहावी लागते. फाइलमधला एक कणही बदलला तर ती जुळत नाही. दुकानदाराने वकील व्हायचं कारण नाही. पण डीव्हीआर निवडताना एवढं बघितलं पाहिजे की पेन ड्राइव्ह लावून मूळ फाइल त्याच्यातून सहज निघते का, त्या कंपनीचा प्लेअर बरोबर येतो का, आणि मेनू मालकाला स्वतःला कळतो का. दुकानात घटना घडली की त्याच दिवशी तेवढा भाग वेगळा काढून ठेवायचा, पोलिस येईपर्यंत थांबायचं नाही. डिस्क कुणासाठी थांबत नाही.

पासवर्डबद्दल दादा आवाज चढवूनच बोलतो. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं, आणि पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाने, क्लासमध्ये येणाऱ्या मुलीने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड तसाच चालू ठेवणं म्हणजे त्या विश्वासाला दगा देणं आहे. त्यामुळे पासवर्ड मालकाने स्वतः टाइप करायचा, दादा त्या वेळी पाठ फिरवून उभा राहतो. केंद्र सरकारनेही ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेच्या अटी घातल्या आणि त्या वर्षभराने लागू झाल्या. नवा माल घेताना त्या अटींनुसार चाचणी झाली आहे का, हे विचारायचा हक्क आता गिऱ्हाइकाला आहे आणि त्याने तो बजावावा.

डीव्हीआरच नको, कॅमेऱ्यात कार्ड घालू, असं म्हणणारे हल्ली बरेच भेटतात. एकाच कॅमेऱ्याच्या टपरीला ते पुरतं. पण १२८ जीबीच्या कार्डात सहा दिवसांचंसुद्धा पूर्ण मावत नाही, आणि कॅमेरा उपटला की कार्डही त्याच्याबरोबर जातं. क्लाउडचं म्हणाल तर चार कॅमेरे सतत वर पाठवायचे तर महिन्याला सुमारे २६०० जीबी होतात. बऱ्याच ब्रॉडबँड योजनांची महिन्याची मर्यादा ३३०० जीबी असते आणि दुकानाचं बाकीचं कामही त्यातूनच चालायचं असतं. त्यामुळे दादा मधला मार्ग काढतो. सगळं डीव्हीआरमध्ये, आणि गल्ल्यावरच्या एका कॅमेऱ्यात शिवाय कार्ड. डीव्हीआर गेला तरी शेवटचे चार-पाच दिवस दुसऱ्या जागी उरतात.

बोरिवली पश्चिमेला पोळी-भाजी आणि फराळाचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंचं काम अलीकडेच झालं. जागा भाड्याची, करार संपला की कदाचित हलवावी लागणारी. पुढे काउंटर, मागे चार जणी पोळ्या लाटतात. अशा ठिकाणी भिंती फोडून जाड केबल टाकण्यात अर्थ नव्हता. जुन्या दुकानात चांगली केबल आधीच भिंतीत असेल तर दादा ती काढत नाही, फक्त डीव्हीआर बदलतो. इथे सगळं नवं होतं, म्हणून त्याने चार पोर्टचा लहान पीओई एनव्हीआर, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर चालणारा रेकॉर्डर, सुचवला. एकाच कॅट-सिक्स वायरीतून कॅमेऱ्याला वीजही जाते आणि चित्रही परत येतं, त्यामुळे वीज पुरवणारा वेगळा एसएमपीएस नाही, नेटवर्कचा स्विच नाही, चार प्लगांची लडी नाही. उद्या दुकान हललं तर पट्टीतल्या वायरी गुंडाळून न्यायच्या.

ताईंना माल कमी झाल्याचं कधी कळतं, हे दादाने विचारलंच. त्या म्हणाल्या, ‘‘पीठ-तेल मी रोज मोजते, ते त्याच दिवशी कळतं. पण दिवाळीत ऑर्डरचे डबे कुणी नेले, कुणाचे राहिले, यावरून वाद होतात ते भाऊबीज उलटून गेल्यावर.’’ म्हणजे वीस-बावीस दिवस. तीन कॅमेरे पुरेसे होते: काउंटर, दार, आणि डबे ठेवायची मांडणी. लाटणाऱ्या बायकांच्या डोक्यावर कॅमेरा नको, असं ताईंनीच सांगितलं आणि दादाने तो आराखड्यातून काढून टाकला. दोन टीबीच्या डिस्कमध्ये तीन कॅमेऱ्यांचे तीस दिवस बसले. एनव्हीआर गॅसच्या शेगड्यांपासून दूर, काउंटरमागच्या लाकडी मांडणीत वरच्या कप्प्यात गेला. तेलाचा वास तिथपर्यंत पोचतो, म्हणून पुढे बारीक जाळीचं दार लावलं आणि ती जाळी दर महिन्याला धुवायची असं ठरलं.

निघण्याआधी दादाने पेन ड्राइव्ह ताईंच्या हातात दिला आणि आदल्या दिवशीच्या दुपारी चार ते सव्वाचारचं काउंटरचं फुटेज काढून द्यायला सांगितलं. त्यांनी माउस धरला, तारीख चुकीची निवडली, परत आल्या, कॅमेरा निवडला, वेळ टाकली. फाइल निघाली. मग त्यांनी मदतनीस मुलीला हाक मारली आणि म्हणाल्या, ‘‘आता तू काढून दाखव. मी गावी गेले तर कोण करणार?’’